चित्रकार प्रयोगशाळेत शिरतो तेव्हा: या चुका टाळा

मुंबईत टॅक्सीत बसून नुसतं 'जे.जे.' म्हटलं की ड्रायव्हर मान वळवून विचारतो, "हॉस्पिटल का स्कूल?" दोन्हीकडे नाव एकाच दानशूर माणसाचं, सर जमशेटजी जीजीभॉय यांचं. भायखळ्याचं रुग्णालय १८४५ चं, फोर्टातलं कलाविद्यालय १८५७ चं. रस्ता मोकळा असेल तर मधे थोड्याच मिनिटांचं अंतर. पण चित्रकाराला डॉक्टरांकडे जायचं कारण एकच, ताप. आणि डॉक्टरांना चित्रकार आठवतो तो नव्या दवाखान्याची भिंत मोकळी दिसली की.

मी चित्रकार आहे. गेली काही वर्षं संशोधक आणि कलाकार यांना एका टेबलाशी बसवण्याच्या खटपटीत असते. ब्रिटनमध्ये वेलकम ट्रस्टने यासाठी १९९६ ते २००६ अशी दहा वर्षं 'सायआर्ट' नावाची योजना चालवली; कलाकार आणि शास्त्रज्ञ अशा जोड्यांना पैसे दिले. आपल्याकडे हे सगळं ओळखीवर चालतं. कुणाची तरी मावसबहीण पॅथॉलॉजीत असते, ती म्हणते "ये की एकदा", आणि काम सुरू होतं. ओळखीवर सुरू झालेल्या कामात कुणी कुणाला अवघड प्रश्न विचारत नाही. पुढे जे काही फिसकटतं ते बहुतेक वेळा त्या न विचारलेल्या प्रश्नांमुळेच. खालच्या चुकांपैकी निम्म्याहून जास्त मी स्वतः केल्या आहेत.

"ते गुलाबी-जांभळं पाहिजे"

पहिल्यांदा पॅथॉलॉजी विभागात गेले तेव्हा मी मोबाइल हातात धरूनच आत शिरले. तिथले तंत्रज्ञ काका मायक्रोटोमवर काप काढत बसले होते. मेणाच्या ठोकळ्यात बसवलेला पेशींचा तुकडा, आणि त्याचे चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप. म्हणजे आपल्या केसाच्या जाडीचा पंधरावा-विसावा हिस्सा. चाक फिरवलं की एकाला एक चिकटलेल्या कापांची फीत पात्यावरून बाहेर येते. काका ती ओल्या ब्रशच्या टोकावर उचलून कोमट पाण्याच्या तसराळ्यात सोडायचे. पाण्याला लागली की तिच्या सुरकुत्या सुटत आणि ती काचेसारखी सपाट पसरे. मग काचपट्टी तिरकी पाण्यात घालायची आणि फितीच्या खालून अलगद वर आणायची. श्वास जोरात सोडला तरी फीत उडते, म्हणून पंखा बंद. मे महिना होता.

"ताई, काय पाहिजे तुम्हाला?"

"ते गुलाबी-जांभळं असतं ना, ते."

काका हसले. "ते अजून झालंच नाही. हे बघा, याला रंगच नाही."

पेशींच्या ज्या चित्रांवर आपण भाळतो त्यांचा रंग पेशींचा नसतो. हिमॅटॉक्सिलिन हा एका झाडाच्या गाभ्यातून काढलेला रंग केंद्रकांना निळा-जांभळा करतो, इओसिन बाकीच्या भागाला गुलाबी. कुणीतरी, कशासाठी तरी, तो रंग चढवलेला असतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची प्रतिमा तर मुळात करडीच असते. वर्तमानपत्रात दिसणारे हिरवे-नारिंगी विषाणू नंतर संगणकावर रंगवलेले असतात. २०२० च्या जानेवारीत अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेतल्या ॲलिसा एकर्ट आणि डॅन हिगिन्स या वैद्यकीय चित्रकारांनी करोनाचा करडा गोळा आणि त्यावरचे लाल काटे काढले. तो लाल त्यांनी निवडला होता. पुढे तो जगाला इतका खरा वाटला, की आमच्या सोसायटीच्या गणपतीच्या मखरातसुद्धा थर्माकोलचे लाल काटे आले.

ब्रिटिश कलाकार ल्यूक जेरम यांनी नेमका हाच धागा पकडला. साधारण १०० नॅनोमीटरचा विषाणू दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा लहान, मग त्याला रंग असणार कुठून? २००४ पासून त्यांनी ब्रिस्टल विद्यापीठातले विषाणुतज्ज्ञ अँड्र्यू डेव्हिडसन यांच्याशी बोलून एचआयव्ही, देवी अशा विषाणूंची बिनरंगी काचेची शिल्पं घडवून घेतली. जेरम स्वतः रंगांध आहेत, हा योगायोग मला फार आवडतो. कामाची सगळी ताकद 'हा रंग कुठून आला?' या एका प्रश्नात आहे. फोटो मागून परत आले असते तर हा प्रश्न सुचला नसता.

मेंदूच्या चित्रांबाबत तर दुप्पट जपा. मेंदूतल्या हालचालीचा अंदाज देणाऱ्या एफएमआरआय स्कॅनमध्ये मेंदूचा एखादा भाग 'पेटलेला' दिसतो तो आकडेमोडीचा नकाशा असतो. कुठल्या उंबरठ्यापुढे रंग द्यायचा हे संशोधक ठरवतो. २००९ मध्ये क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी चक्क मेलेला सामन मासा स्कॅनरमध्ये ठेवला, त्याला माणसांचे फोटो 'दाखवले', आणि आकडेवारीतली एक आवश्यक दुरुस्ती मुद्दाम न करता निकाल काढला. माशाच्या मेंदूत हालचाल दिसली. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला मिळणारं इग् नोबेल २०१२ मध्ये त्यांना मिळालं. 'प्रेमात पडलेला मेंदू' अशा नावाचं इन्स्टॉलेशन करण्याआधी हा मासा आठवावा.

आणि डीएनए. कृपा करून डीएनएचा पीळ तपासा. आपल्या पेशींतला नेहमीचा पीळ उजवा असतो. घरातला कुठलाही साधा स्क्रू उभा धरा: समोरचे आटे डावीकडून उजवीकडे वर चढताना दिसतील. डीएनएही तसाच. चित्र फोटोशॉपमध्ये रचनेसाठी आडवं पलटवलं की पीळ डावा होतो, आणि उद्घाटनाला आलेला पहिलाच जीवशास्त्रज्ञ तेवढंच बघून निघून जातो. माझ्या एका भित्तिचित्रात हे झालं. बारा फूट उंच होतं.

उपाय काय? पहिले तीन-चार आठवडे काही बनवायचंच नाही. वहीत रेघोट्या मारायच्या, यंत्रांचे आवाज ऐकायचे, चहाला त्यांच्याबरोबर जायचं. समोर येणाऱ्या प्रत्येक प्रतिमेला दोन प्रश्न: याला रंग कुणी दिला? यातलं काय काढून टाकलंय?

"डॉक्टर हो म्हणाले म्हणजे झालं"

सर्वांत महाग पडणारी चूक ही.

लंडनमधल्या अँथनी-नोएल केली या शिल्पकाराला रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये शरीराच्या नमुन्यांची चित्रं काढायची रीतसर मुभा होती. त्याने तिथल्या एका तंत्रज्ञाला पैसे देऊन तीसहून अधिक अवयव बाहेर काढवले, त्यांचे साचे घेतले आणि त्यातली काही शिल्पं गॅलरीत मांडली. नंतर अवयव शेतात पुरले. एका पायाचा भाग पोटमाळ्यावर सापडला. १९९८ मध्ये त्याला नऊ महिन्यांची शिक्षा झाली, अपिलात ती तीन महिन्यांवर आली. बचाव असा होता की मृतदेह कुणाच्या मालकीचा नसतो, मग चोरी कसली? न्यायालयाने म्हटलं की विच्छेदनाच्या आणि टिकवण्याच्या कौशल्यामुळे हे नमुने मालमत्ता ठरतात. म्हणजे काकांसारख्या कुणाच्या तरी हातांची कारागिरी त्या अवयवांवर होती, म्हणून ती चोरी. कलाकारांनी या निकालाचा वेगळा विचार करायला हवा असं मला नेहमी वाटतं.

या उलट क्रिस्टीन बोरलँड. या स्कॉटिश कलावतीने वैद्यकीय विक्रेत्याकडून टपालाने एक खराखुरा मानवी सांगाडा विकत घेतला. तेव्हा ते कायदेशीर होतं. मग तिने तज्ज्ञांना विचारत विचारत तो कुणाचा असावा याचा माग काढला: एक तरुण आशियाई स्त्री. कवटीवरून चेहरा उभा करून तिने त्याचं ब्राँझचं शिर केलं आणि १९९४ मध्ये ग्लासगोत ते मांडलं. सामान म्हणून आलेली वस्तू माणूस होऊन बाहेर पडली. भारतातल्या वाचकाने इथे क्षणभर थांबावं. १९८५ मध्ये बंदी येईपर्यंत जगातल्या वैद्यकीय कॉलेजांना लागणारे सांगाडे मोठ्या प्रमाणावर भारतातूनच जात होते. आपल्याकडे मेडिकलच्या विद्यार्थ्यांमध्ये 'बोन सेट' सिनियरकडून ज्युनियरकडे फिरतो. तो घेऊन काम करायचं कुणाच्या मनात आलं तर आधी विचारा: हा आला कुठून?

आता आपल्या कामाचं. एखाद्या प्राध्यापकाने प्रेमाने पेनड्राइव्हवर स्कॅन दिले, तरी ते द्यायचा अधिकार त्यांना असतोच असं नाही. रुग्णाने संमती दिली ती उपचाराला. फार तर संशोधनाला. तुमच्या गॅलरीला नाही. स्कॅनच्या डायकॉम फायलीत चित्रासोबत रुग्णाचं नाव, जन्मतारीख, नोंदणी क्रमांक असा मजकूर दडलेला असतो. चित्राच्या कोपऱ्यातलं नाव कापलं म्हणजे तो पुसला जात नाही. आणि डोक्याचा एमआरआय असेल तर नाव काढूनही भागत नाही, कारण त्या कापांपासून चेहरा परत उभा करता येतो. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी ८४ स्वयंसेवकांवर हे करून पाहिलं. चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने ७० जणांचा एमआरआय त्यांच्याच फोटोशी अचूक जुळवला. तेव्हा "नाव तर लिहिलेलं नाही ना" हे उत्तर आता चालत नाही.

आपल्याकडे आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं आहेत आणि संस्थेत नैतिकता समिती असते. सगळे तिला एथिक्स कमिटीच म्हणतात. सात ते पंधरा सदस्य, त्यात कायदा जाणणारी व्यक्ती आणि वैद्यकाबाहेरचा एक सामान्य माणूसही असतो. कलाकारांना ही समिती म्हणजे सेन्सॉर बोर्ड वाटते. मलाही वाटायची. पण माझ्या एका अर्जावर त्या 'सामान्य' सदस्याने विचारलं, "प्रदर्शन बघायला रुग्णाचा शेजारी आला तर?" असा प्रश्न मला कलाविद्यालयात कुणी विचारला नव्हता. त्या एका प्रश्नावरून पूर्ण मांडणी बदलली: चेहरे गेले, फक्त हात राहिले, आणि काम सुधारलं.

समितीला वेळ लागतो. बैठक महिन्या-दोन महिन्यांनी, त्यात शेरे, त्यावर उत्तर, पुन्हा बैठक. प्रदर्शनाची तारीख आधी ठरवून मग अर्ज केला तर घाई तुमची, आणि समितीला तुमच्या घाईशी काही देणंघेणं नसतं. संमतिपत्र मराठीत असावं, आणि खरं मराठीत असावं. 'सदर प्रतिमांचे सार्वजनिक प्रदर्शनार्थ उपयोजन' असल्या वाक्यावर अंगठा घेऊ नका. 'तुमच्या छातीच्या एक्स-रेवरून चित्र काढणार, ते भिंतीवर लावणार, लोक येऊन बघणार, फोटो काढून मोबाइलवर टाकणार. नको वाटलं तर अमुक तारखेपर्यंत नाही म्हणा.' एवढं पुरतं.

मालकीचा गुंता सरळ सोडवायचा तर ब्रिटिश कलाकार मार्क क्विन यांनी २००१ मध्ये केलेलं जॉन सल्स्टन यांचं व्यक्तिचित्र बघा. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीसाठी केलेलं. चौकटीत चेहरा नाही, सल्स्टन यांचा डीएनए आहे. मानवी जनुकसंचाच्या कामातला तो मोठा शास्त्रज्ञ, नमुना त्यांनी स्वतःचा स्वतः दिला. देणाराही तोच, आणि काय देतोय हे पुरतं समजणाराही तोच. अशी सोय वारंवार मिळत नाही.

रुग्ण म्हणजे मॉडेल नव्हे

पहिल्या महायुद्धात हेन्री टाँक्स नावाच्या चित्रकाराने चेहऱ्याला जखमा झालेल्या सैनिकांची पेस्टल चित्रं काढली, हॅरॉल्ड गिलीज या शल्यविशारदाच्या कामासाठी. टाँक्स स्वतः आधी सर्जन, मग स्लेड कलाशाळेतला शिक्षक. ती चित्रं लोकांपुढे मांडायची नाहीत असंच त्याचं मत होतं. आज ती सर्रास दिसतात. तो बरोबर होता का? मला ठरवता येत नाही.

पण चेहऱ्याच्या मालकाला कामात भागीदार करता येतं हे त्यानंतर पुष्कळांनी दाखवलं. लंडनमध्ये १९९९ पासून मार्क गिल्बर्टने इयान हचिसन या सर्जनच्या रुग्णांची शस्त्रक्रियेआधीची, नंतरची तैलचित्रं केली. त्याच शहरात डेबोरा पॅडफील्ड या छायाचित्रकर्तीने जुनाट वेदनांच्या रुग्णांबरोबर बसून 'तुमचं दुखणं कसं दिसतं?' याची छायाचित्रं बनवली. 'दहापैकी किती दुखतं?' या प्रश्नाला कंटाळलेली माणसं त्यांच्यासमोर बोलू लागली. पुढे त्यांच्या टीमने अशा ५४ चित्रांचा पत्त्यांसारखा संच केला. रुग्ण डॉक्टरांच्या खोलीत जाऊन त्यातलं आपलं पान उचलतो आणि तिथून बोलणं सुरू होतं. कलाकृती गॅलरीतून ओपीडीत गेली.

आपल्या मराठीत दुखण्याला किती शब्द आहेत! ठणकतं, सलतं, चमकतं, कळ येते, शिणशिणतं, ठसठसतं, भगभगतं, रग लागते, वळवळतं. फॉर्मवर मात्र 'मध्यम / तीव्र'. कुणी हे काम मराठीत हातात घेतलं तर शब्दांची उसनवारी करावी लागणार नाही.

धारावीचंही उदाहरण आहे. 'स्नेहा' या मुंबईतल्या संस्थेने वेलकम ट्रस्टच्या पैशांतून २०१२ मध्ये 'देखा अनदेखा' आणि २०१५ मध्ये 'धारावी बिएनाले' असे दोन कलाप्रकल्प केले. आरोग्य-संशोधक, कलाकार आणि वस्तीतले कारागीर अशा कार्यशाळा महिनोन्महिने चालल्या आणि वस्तू तिथेच, गल्लीत मांडल्या गेल्या. इथे टाळलेली चूक ठळक दिसते: वस्तीतून गोष्टी गोळा करायच्या आणि प्रदर्शन दूर दक्षिण मुंबईत, काळा घोड्याच्या गॅलऱ्यांत भरवायचं. ज्यांच्या आजाराबद्दल काम आहे त्यांना बघायला जायला दोन बस बदलाव्या लागत असतील तर मांडणी चुकली.

जिवंत माध्यम सुट्टी घेत नाही

पेनिसिलिनवाले अलेक्झांडर फ्लेमिंग बशीतल्या अगारवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीवर, रंगीत जिवाणूंनी चित्रं काढत. हे ऐकून आजही कलाकारांचे हात शिवशिवतात. पण हे माध्यम कागदासारखं नाही. काढताना काही दिसत नाही, कारण जिवाणूंचा रंग वाढ झाल्यावर येतो, एक-दोन दिवसांनी. तोवर तुम्ही आंधळे. दिसू लागलं की थांबवायला उशीर: सूर्य काढायचा, तर रविवारी भाकरी झालेली असते. आणि जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या हवेत झाकण क्षणभर उघडलं तरी काळी बुरशी येऊन सही करून जाते. सगळं प्रयोगशाळेतच, तिथल्या माणसांच्या देखरेखीखाली. घरच्या फ्रिजमध्ये श्रीखंडाशेजारी नाही.

२००८ मध्ये न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयात ओरॉन कॅट्स आणि आयोनाट झुर या कलाकारांचा 'व्हिक्टिमलेस लेदर' नावाचा उंदराच्या पेशींचा इवलासा जिवंत कोट मांडला होता. तो इतक्या भराभर वाढला की नळ्या तुंबल्या, बाही सुटायला लागली. शेवटी क्युरेटर पाओला अँटोनेली यांना तो बंद करावा लागला, म्हणजे मारावा लागला. 'कुणाचाही बळी न घेता चामडं' हे त्याचं नाव लक्षात घ्या. त्यांच्याकडे निदान बंद कसा करायचा हे माहीत असलेली माणसं होती. तुमच्या गॅलरीत रविवारी दुपारी तीनला वीज गेली तर कोण येणार? नाव आणि फोन नंबर लिहून भिंतीमागे चिकटवा.

विल्हेवाट सुद्धा आधीच ठरवा. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रात, १२१ अंशांवर, मग २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे पिवळ्या पिशवीत. महापालिकेच्या ओल्या कचऱ्यात नाही. जनुकीय बदल केलेलं काही असेल तर संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी लागते, ती वेगळीच.

कागद हाताशी ठेवा हे सांगताना मला स्टीव्ह कर्ट्झ आठवतात. २००४ मध्ये अमेरिकेतल्या बफलो शहरात या कलाकाराची पत्नी झोपेत हृदय बंद पडून गेली. त्याने मदतीसाठी फोन केला; आलेल्या पोलिसांना घरात बशा आणि जिवाणू दिसले आणि प्रकरण एफबीआयकडे गेलं. जिवाणू निरुपद्रवी निघाले. तरी ते मिळवून दिल्याबद्दल पिट्सबर्ग विद्यापीठातले जनुकतज्ज्ञ रॉबर्ट फेरेल आणि कर्ट्झ यांच्यावर टपालातून फसवणुकीचा खटला उभा राहिला. कर्ट्झवरचा खटला २००८ मध्ये रद्द झाला. आजारी असलेल्या फेरेल यांनी त्याआधीच किरकोळ गुन्ह्याची कबुली देऊन दंड भरला होता. मित्राच्या नावावर नमुना मागवला की अडचणीत मित्रही येतो. तो तर आधी येतो.

श्रेय, पेपर, पैसे

शरीररचनातज्ज्ञ विल्यम हंटर यांचा गर्भाशयावरचा १७७४ चा भव्य ग्रंथ ज्याच्या चित्रांवर उभा आहे, त्या यान व्हॅन रिम्सडिकचे आभार हंटर यांनी प्रस्तावनेत मानले नाहीत. तो पुढे आयुष्यभर कडवटच राहिला. अडीचशे वर्षांनी आजार तोच, फक्त दोन्ही बाजूंना झालाय: पेपरमध्ये चित्रकाराचं नाव नसतं आणि गॅलरीच्या पाटीवर तंत्रज्ञाचं. पहिल्याच महिन्यात एका पानावर लिहून घ्या. मूळ काम कुणाचं, पाटीवर कुणाची नावं, विकलं गेलं तर काय, छापलं गेलं तर काय.

एक गोष्ट कलाकारांना माहीतच नसते. संशोधकाचा पेपर प्रसिद्ध व्हायच्या आधी त्यातली प्रतिमा तुम्ही इन्स्टाग्रामवर टाकलीत, तर त्याचं वर्षाचं काम अडचणीत येऊ शकतं. पेटंटचा अर्ज भरायचा असेल तर आणखी वाईट, कारण आधीच उघड झालेल्या गोष्टीला नवी कसं म्हणायचं? "अजून दाखवू नका" असं कुणी म्हटलं तर तो हेकटपणा नसतो.

आणि तरीही अडलंच तर

*संशोधक फोन उचलेनासे झाले.* बहुतेक वेळा ते रागावलेले नसतात. ग्रँटचा अहवाल द्यायचा असतो किंवा परीक्षा चालू असतात. प्राध्यापकांच्या मागे लागू नका. पीएचडी करणाऱ्या मुलामुलींशी बोला. प्रयोगशाळा तेच चालवतात, आणि संध्याकाळी सहानंतर त्यांना गप्पा मारायला आवडतं.

*"हे शास्त्रीयदृष्ट्या चुकीचं आहे" असं ते म्हणाले.* लगेच बचाव करू नका, नेमकं कुठे चुकलं ते दाखवायला सांगा. कधी कधी खरंच पीळ उलटा असतो. पण चूक नसून मोकळीक असेल तर अल्बिनसची गोष्ट सांगा. १७४७ मध्ये छापलेल्या ग्रंथासाठी लायडनच्या या शरीररचनातज्ज्ञाने सांगाड्यासमोर दोऱ्यांच्या जाळ्या टांगून चित्रकार वांडेलारकडून चौकट चौकट मोजून अचूक चित्रं करून घेतली. आणि त्यातल्या काही चित्रांत मानवी आकृतीमागे चक्क गेंडा आहे. गेंडा कशाला म्हणून टीका झालीच. पण हाडं चोख असल्यामुळे गेंडा खपून गेला.

*संमती दिलेल्या रुग्णाने मधेच नाही म्हटलं.* उतरवा. का ते विचारू नका. यासाठी एक-दोन जागा मोकळ्या राहिल्या तरी बिघडणार नाही अशी मांडणी मुळातच करायला हवी.

*रुग्ण मधल्या काळात वारला.* याचं उत्तर संमतिपत्रातच हवं. तेव्हा विचारायला फार अवघड जातं, मान्य. पण नंतर तेराव्याच्या आधी कुणाच्या तरी मुलाला फोन करणं त्याहून अवघड. मी केलाय.

*पैसे संपले.* मोठं काम छोटं करा, जिवंत काम छायाचित्रात आणा. तंत्रज्ञांचं मानधन मात्र कापू नका.

*उसनं आणलेलं परत करायचंय.* हे प्रदर्शनाच्या कामातच धरलेलं असावं, त्यासाठी वेगळा दिवस ठेवा. एकदा शिकवण्यासाठी वापरायच्या, नावं नसलेल्या २४ जुन्या काचपट्ट्या मी लेखी घेऊन मागून उजेड सोडून मांडल्या होत्या. परत करायला गेले. काकांनी रजिस्टर उघडलं, एकेक पट्टी उजेडाला धरून क्रमांक वाचत खूण करत गेले, आणि तेविसाला थांबले. मी पुन्हा मोजल्या. त्यांनी पुन्हा मोजल्या. "ताई, सही चोविसाची आहे." दुपारभर फोनाफोनी. गॅलरीतल्या पोरांनी जमिनीवर टॉर्च मारून शोधलं. संध्याकाळी मांडणी उतरवणाऱ्या सुताराचा फोन आला. पट्टी त्याच्या हत्यारांच्या डब्यात होती. बारीक फट भरायला पुट्टी ओढायची म्हणून त्याने ती ठेवून घेतली होती. कड फार सरळ आहे म्हणाला.